ग्वादालाहाराला कामासाठी येताय? आधी नमस्कार, मग काम

पुण्याहून प्रोजेक्टवर ग्वादालाहाराला येऊन मला आता तीन वर्षं झाली, मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याची ही राजधानी, आयटीचं मोठं केंद्र, त्यामुळे आपल्याकडची पोरं येतच असतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो की स्पॅनिश किती लागेल. लागेल, भरपूर लागेल. पण त्याच्याही आधी एक गोष्ट लागते, ती म्हणजे कामाचं बोलण्याआधी माणसाशी बोलणं.

पहिल्या आठवड्यात मी सकाळी ऑफिसात शिरायचे, थेट लॅपटॉप उघडायचे आणि बाजूच्या टीममेटला चॅटवर "तो रिपोर्ट झाला का" असं टाकायचे. मला वाटायचं आपण वक्तशीर आहोत. दहाएक दिवसांनी तिनेच मला कॉफीला नेलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, माझं काही चुकलंय का, तू माझ्यावर रागावली आहेस का? मला खरंच वाईट वाटलं. इथे आल्या आल्या जो दिसेल त्याला "बुएनोस दीआस", म्हणजे शुभ सकाळ, ओळखीच्या बाईला गालाला गाल लावून, लिफ्टमध्ये अनोळखी माणसालासुद्धा. खानावळीत शेजारच्या टेबलावरचे लोक जेवून उठले की जाता जाता आपल्याला "प्रोवेचो" म्हणून जातात, म्हणजे सावकाश होऊ द्या. ते म्हणायला लागलात की लोक तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. मेलमध्येसुद्धा पहिली ओळ विचारपूस, दुसरी ओळ काम.

मग "आओरिता". शब्दशः अर्थ आत्ता, पण तो आत्ता म्हणजे पाच मिनिटं, संध्याकाळ किंवा कधीच नाही, यातलं काहीही. आपण नाही का "येतोच हां" म्हणतो आणि अजून आंघोळीला जायचं असतं, तसंच. तोंडावर नाही म्हणणं इथे लोकांना जड जातं. म्हणून मी "होईल का" विचारणं सोडलं, "यात काय अडकलंय, मी काय करू" असं विचारते, मग खरं काय ते कळतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पासपोर्टवर मिळतो तो व्हिसा फक्त देशात शिरण्यापुरता, उतरल्यापासून 30 दिवसांत इमिग्रेशन ऑफिसात जाऊन रेसिडेन्सी कार्डाची प्रोसेस सुरू करावी लागते, आणि विमानतळावर अधिकाऱ्याला आपण टुरिस्ट नाही हे नीट सांगा. दुसरं आपल्या मराठी नावांचं. इथे सहसा प्रत्येकाला दोन आडनावं असतात, बहुतेक वेळा आधी वडिलांकडचं, मग आईकडचं, आणि लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत. त्यामुळे आपलं मधलं नाव बघितलं की त्यांना ते पहिलं आडनाव वाटतं. एका दवाखान्यात मी अर्धा तास बसून होते कारण ते माझ्या बाबांच्या नावाने हाका मारत होते. फॉर्म कुठलाही असो, भरून झाला की पासपोर्टशी अक्षर न अक्षर ताडून बघा, कुर्प नावाचा 18 अक्षरी सरकारी ओळख नंबर मिळतो त्यावर तर नक्कीच.

जेवण. मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या मधे, आणि जेवून लगेच उठायचं नसतं, त्या बसून गप्पा मारण्याला "सोब्रेमेसा" असा वेगळा शब्दच आहे. शाकाहाऱ्यांनी नुसतं "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, म्हणून भागत नाही, कार्ने म्हणजे बऱ्याच जणांच्या डोक्यात फक्त बीफ-पोर्क, त्यामुळे ताटात चिकन येऊ शकतं. फ्रिहोलेस, म्हणजे आपल्या राजम्यासारखी उसळ, त्यात डुकराची चरबी असू शकते, तेव्हा "मांतेका आहे का" हे विचाराच. तोर्तिया मात्र आपली वाटते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून करतात, गल्लीतल्या तोर्तियेरियातून किलोवर गरम मिळते, लोक घरून फडकं घेऊन येतात गुंडाळायला, भाकरी गुंडाळतो तसं.

आणि नोव्हेंबर चुकवू नका. 1 आणि 2 नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी येतात असं मानतात, पहिला दिवस लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. ऑफिसच्या रिसेप्शनवर ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्यांसाठीचा नैवेद्य, मांडली होती, पाणी, मीठ, मेणबत्त्या, गोड पाव आणि झेंडूच झेंडू. झेंडू मूळचा इथलाच, दसऱ्याला आपण दाराला लावतो तो इथून आलाय. टीममेट म्हणाली तुझं कोणी आहे का, फोटो आण. मी आजीचा प्रिंट काढून नेला. तिला काय आवडायचं? म्हटलं चहा, पण बशीत ओतून. त्यावर सफाईच्या मावशी काही न बोलता पॅन्ट्रीत गेल्या आणि कुठून तरी एक बशी शोधून घेऊन आल्या. मी पितृपक्षातल्या पानाबद्दल सांगितलं तर सगळे खुर्च्या ओढून ऐकत बसले. याला हॅलोविन समजू नका, आणि स्मशानभूमीत गेलात तर विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

त्याआधी 12 ऑक्टोबरला रोमेरिया, म्हणजे पायी यात्रा, असते. शेजारच्या सापोपान शहराच्या व्हर्जिनची, म्हणजे मेरीमातेची, हातभरसुद्धा नसलेली मूर्ती ग्वादालाहाराच्या कॅथेड्रलमधून सापोपानला परत नेतात, लाखो लोक चालतात, पिसांचे मुकुट घातलेले नाचणारे, पायात घुंगरांसारखं खुळखुळणारं काहीतरी, कडेला पाणी वाटणारी घरं. वारी बघितलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. त्या दिवशी रस्ते बंद असतात, तेव्हा जायचं तर पहाटे अंधारातच निघा, चालायचे बूट घाला, आणि कोणी पाणी पुढे केलं तर आधी त्यांना बुएनोस दीआस म्हणा.