दारू सोडताना जवळचा मदतगट कसा शोधायचा

पत्ता मिळणं हे यातलं सोपं काम. अवघड असतं ते दारातून आत पाऊल टाकणं, आणि त्याहून अवघड पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणं. म्हणून शोधाची सगळी आखणी या दोन गोष्टींभोवतीच करायची.

त्याआधी एक तातडीची बाब. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर 6 ते 24 तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण 48 ते 72 तासांच्या सुमारास काहींना भास होतात, वेळकाळाचं भान सुटतं. यात जीवही जाऊ शकतो. तेव्हा आधी डॉक्टर, मग गट. पूर्वी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते आपणहून सांगा. गटातली माणसं कितीही अनुभवी असली तरी गट म्हणजे दवाखाना नव्हे.

आता गट कोणता? सगळ्यात जास्त ठिकाणी सापडतो तो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दोन दारुड्यांच्या भेटीतून तो सुरू झाला. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही. मध्येच वर्गणीची पिशवी किंवा टोपली फिरते, नवख्याने ती खुशाल पुढे सरकवावी. एएची वाट बारा पायऱ्यांची, म्हणजे एकामागून एक करायच्या बारा गोष्टींची. त्यातला ‘उच्च शक्ती’चा, म्हणजे आपल्याहून मोठ्या शक्तीवर भरवसा ठेवण्याचा भाग ज्यांच्या पचनी पडत नाही, त्यांनी 1994 मध्ये सुरू झालेली स्मार्ट रिकव्हरी पाहावी. तिथे देवाचा विषय नाही. तलफ कशाने येते आणि ती कशी टाळायची याचा सराव असतो. फक्त बायकांसाठी विमेन फॉर सोब्रायटी आहे. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळा. पिणारा माणूस तयार नसला तरी घरच्यांनी तिथे जायला हरकत नाही.

यादी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते, पण तिच्यावर डोळे झाकून निघू नका. जागा बदलते, वेळ बदलते, एखादा गट बंदही पडलेला असतो. कुलूपबंद दारासमोर उभं राहिलेला माणूस तिथून थेट गुत्त्यावर जाण्याची शक्यता मोठी. म्हणून हेल्पलाइनला फोन करा आणि पाच गोष्टी विचारा: या आठवड्यात सभा नक्की आहे का, भाषा कोणती, सभा खुली की बंद, इमारतीत नेमकी कोणती खोली, आणि दारात कोणी भेटेल का. खुल्या सभेला कोणीही येऊ शकतं, सोबत भाऊ किंवा बायको असली तरी चालते. बंद सभा फक्त पिण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी. फोनवर काय बोलायचं हे सुचत नसेल तर एवढंच पुरे: ‘मला दारू सोडायचीय, मी पहिल्यांदाच येतोय, कोणी सोबत येईल का?’

हा शेवटचा प्रश्न संकोचापोटी गाळला जातो, आणि खरं वजन त्याचंच. 1981 मध्ये वीस जणांवर एक छोटा प्रयोग झाला. निम्म्यांना नुसती माहिती देऊन जायला सांगितलं, त्यांतला एकही सभेला पोचला नाही. उरलेल्यांची समुपदेशकासमोरच फोनवर एका सभासदाशी गाठ घालून दिली, ते सगळे गेले. तुमचा डॉक्टर किंवा समुपदेशक असेल तर त्याच्याकडूनही असाच फोन लावून घ्या.

सभा साधारण एक ते दीड तास चालते. पंधरा मिनिटं आधी पोचा. उशिरा गेलं की सगळे वळून बघतात असं वाटतं आणि मागच्या खुर्चीतून पळ काढावासा वाटतो. नाव एवढंच सांगायचं, आडनाव कोणी विचारत नाही. बोलायची सक्ती नाही, ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं की झालं. संपल्यावर मात्र दहा मिनिटं थांबा. खुर्च्या उचलू लागा, हात कामात असले की बोलणं सोपं जातं. दोन-तीन जणांचे नंबर घ्या आणि तलफ नसताना, दुसऱ्याच दिवशी, एकाला फोन करून पाहा. सवय नसलेला नंबर ऐन तलफेत लावला जात नाही.

पहिली सभा रुचली नाही तर गट बदला, मार्ग नको. एकाच शहरातल्या दोन सभांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पाच-सहा वेगवेगळ्या सभा पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये, असं आमचं मत. पण काही खुणा दिसल्या तर लगेच उठावं: कोणी पैसे उसने मागतं, नव्या बाईशी लगट करतं, किंवा डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगतं. गोळीचा सल्ला देणं एएच्या स्वतःच्या भूमिकेतही बसत नाही.

मधे घसरलात, प्यायलात, तरी त्याच सभेला जा. सभेच्या दिवशीच घेतली असेल तर अनेक गटांत त्या दिवशी न बोलता ऐकायला सांगतात. बोलायचं ते संपल्यावर, ज्याचा नंबर घेतला होता त्याच्याशी.