पगाराची स्लिप हातात आहे तोवर

मूल सांभाळायला नोकरी सोडायची म्हटली की सगळे आधी पगाराकडे बघतात. माझ्या हातात ४१ हजार यायचे. पण मी अकाउंट्समधला माणूस, त्यामुळे खाली वजाबाकी मांडलीच. डोंबिवलीतलं पाळणाघर आणि तिथून लेकीला घरी आणून सोबत बसणाऱ्या मावशी मिळून १३ हजार. पोळीभाजीच्या काकू ४. लोकलचा पास, स्टेशनची रिक्षा, ऑफिसातला चहा-नाश्ता आणि निरोपसमारंभांच्या वर्गण्या धरून ५. दोघंही दमून आल्यावर बाहेरून मागवलेली जेवणं साडेतीन. उरले साडेपंधरा. भरून काढायचा खड्डा तेवढाच होता. बायको बँकेत, पगार माझ्यापेक्षा बरा, त्यामुळे कोणी घरी बसायचं यावर फार चर्चा झाली नाही. (सासऱ्यांशी झाली. अजून चालू आहे.)

राजीनाम्याआधी सहा महिने एकाच पगारावर घर चालवून बघा. सुटणाऱ्या पगारातून फक्त पाळणाघर, येणं-जाणं असले नोकरीपायीचे खर्च करा, बाकी रक्कम एक तारखेलाच दुसऱ्या खात्यात टाका. त्या सहा महिन्यांत शाळेची फी किंवा गणपती-दिवाळी येऊ द्या. सोपे महिने निवडलेत तर हिशेब कागदावरच जमेल.

खरी घाई असते ती स्लिप चालू असताना करायच्या कामांची. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. स्वतःची फॅमिली फ्लोटर पॉलिसी (सगळ्या घराला मिळून एकच आरोग्य विमा) आधीच काढा, कारण नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस आजारपण धरत नाहीत आणि जुन्या दुखण्यांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुप पॉलिसी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का, हे एचआरला विचारा. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. टर्म इन्शुरन्सला (मृत्यू झाला तरच पैसे देणारा आयुर्विमा) उत्पन्नाचा पुरावा लागतो, म्हणून घरी बसणाऱ्याचा आधी काढा. कमावणाऱ्याचा तर वाढवाच, आता सगळा भार त्याच्यावर. गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल तर तेही दोन पगार दिसत असतानाच.

तारीख निवडताना ग्रॅच्युइटी बघा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम. कायम नोकरीत ५ वर्षं पूर्ण झाली की ती मिळते: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार २४ हजार आणि ७ वर्षं धरली तर जवळजवळ ९७ हजार होतात. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे कधी कधी एक महिना जास्त थांबणं परवडतं. पीएफही ५ वर्षांच्या आत काढला तर कर लागतो. मी काढलाच नाही. व्याज मिळत राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र असतं.

आणि घरी बसणाऱ्याच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम आलीच पाहिजे, न मागता. आमच्याकडे बायकोच्या पगाराच्या दिवशी आपोआप येते. त्या पैशाची मी एफडी केली तर करासाठी व्याज तिच्याच उत्पन्नात धरलं जातं. पीपीएफच्या व्याजाला करच नाही, म्हणून त्यातले शिल्लक राहतात ते माझ्या पीपीएफमध्ये जातात.