टेक्स्ट एडिटरमध्ये ई-मेल वाचायचा असेल तर

ई-मेलसाठी थंडरबर्डसारखा स्वतंत्र प्रोग्रॅम ठेवावा, की जिथे दिवसभर लिहिणे चालते त्या ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्येच टपाल उघडावे, हे एका दिवसात ठरवण्याची गरज नाही. आयमॅप या टपाल वाचण्याच्या पद्धतीत मूळ टपाल सर्व्हरवरच राहत असल्यामुळे एकाच खात्यावर दोन्ही प्रोग्रॅम काही आठवडे शेजारी शेजारी चालवून पाहता येतात.

ईमॅक्सबरोबर आरमेल आणि ग्नूस हे दोन मेल प्रोग्रॅम आयतेच मिळतात. तरीही नवख्याने म्यू-फोर-ई हा ईमॅक्समध्येच चालणारा, पण वेगळा बसवावा लागणारा मेल प्रोग्रॅम निवडावा, असे माझे मत आहे. ईमॅक्स बहुतांशी एका वेळी एकच काम करतो, त्यामुळे ग्नूस मंद जोडणीवरून सर्व्हरशी बोलत असेल तेव्हा हातातले लिखाणही अडकून पडते. म्यू-फोर-ईमध्ये टपाल आणण्याचे काम एमबीसिंक हा बाहेरचा प्रोग्रॅम करतो, मेल शोधण्यासाठीची सूची म्यू हा त्याचा जोडप्रोग्रॅम तयार करतो आणि एडिटरकडे केवळ वाचणे व लिहिणे उरते.

प्रथम एमबीसिंक बसवून त्याला सर्व्हरचे नाव आणि सुरक्षित आयमॅपचा ९९३ हा पोर्ट द्यावा. जीमेलसारख्या सेवा नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रॅमकडून स्वीकारत नाहीत. त्यासाठी द्विस्तरीय पडताळणी चालू करून वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. तो सेटिंगच्या फाइलमध्ये उघडा न लिहिता जीएनयूपीजी या सांकेतिकीकरणाच्या प्रोग्रॅमने कुलूपबंद केलेल्या फाइलमध्ये ठेवावा. सुरुवातीला एमबीसिंकला फक्त सर्व्हरवरून खाली आणण्याचीच मुभा द्यावी, म्हणजे शिकताना संगणकावर काहीही पुसले गेले तरी सर्व्हरवरच्या मूळ टपालाला धक्का लागत नाही. टपाल मेलडिर पद्धतीने, म्हणजे प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल या रीतीने उतरले, की म्यूला तो फोल्डर व आपला पत्ता सांगून शोधसूची करून घ्यावी.

पुढे दुतर्फा जुळवणी, म्हणजे संगणकावरचे बदलही सर्व्हरवर पाठवणे, चालू करण्याआधी एक सेटिंग बदलणे अगत्याचे आहे. एमबीसिंक प्रत्येक फाइलच्या नावातच त्या मेलचा क्रमांक नोंदवतो. फाइल त्याच नावाने दुसऱ्या फोल्डरात गेली, तर तिथे एकाच क्रमांकाचे दोन मेल निघू शकतात आणि जुळवणी थांबते. म्हणून मेल हलवताना फाइलचे नाव बदलण्याचा पर्याय म्यू-फोर-ईमध्ये चालू करावा. जीमेल पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवते, तेव्हा म्यू-फोर-ईला वेगळी प्रत ठेवू देऊ नये, अन्यथा प्रत्येक उत्तर दोनदा दिसते.

एवढा खटाटोप कोणी करावा? ज्याच्याकडे मुख्यतः साध्या मजकुराचे मेल येतात आणि ज्याला लांब उत्तरे लिहावी लागतात, त्याने जरूर करावा: उत्तर लिहिताना सवयीच्याच कळा हाताशी असतात, आणि ऑर्ग-मोड या ईमॅक्समधल्या टिपणे व कामे नोंदवण्याच्या सोयीत कामांच्या यादीत मेलचा थेट दुवा ठेवता येतो. (माझ्या मते ही एकच सोय साऱ्या मांडणीचे मोल वसूल करते.) याउलट चित्रांनी भरलेली पत्रके आणि बैठकींची निमंत्रणे ज्याच्या टपालात अधिक, त्याने थंडरबर्डच वापरावे: ईमॅक्समध्ये एचटीएमएल (वेबपानासारखी मांडणी असलेला) मेल वाचता येतो, पण त्याची मांडणी विस्कटते आणि तो वारंवार ब्राउझरमध्ये उघडावा लागतो. दोन्ही प्रकारचे टपाल येत असेल, तर थंडरबर्ड काढून टाकण्याची घाई करू नये.