ऱ्हो सगळीकडे सारखा नसतो: जिवाणूंमधील टर्मिनेशनचा अभ्यास करताना या चुका टाळा

ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनण्याची क्रिया, कसे थांबते (टर्मिनेशन) हे आपण ई. कोलाय या जिवाणूवरून शिकतो. आरएनएतील ‘जी’ आणि ‘सी’ ही अक्षरे भरपूर असलेली हेअरपिन (स्वतःवरच दुमडलेली घडी), तिच्या मागोमाग ‘यू’ची रांग, की आरएनए बनवणारे पॉलिमरेज सुटले, किंवा मग ऱ्हो (Rho) हे प्रथिन लागते. परीक्षेला एवढे पुरते. पण हाच साचा क्षयाच्या जिवाणूला किंवा बॅसिलसला लावला, की आकडे जुळेनासे होतात आणि दोष मात्र किटला दिला जातो.

ऱ्हो 1969 मध्ये जेफ्री रॉबर्ट्स यांनी शोधला. सहा सारख्या उपघटकांचे हे कडे ‘सी’ जास्त, ‘जी’ कमी आणि घड्या न पडलेला आरएनए पकडते आणि एटीपी खर्च करत 5' कडून 3' कडे सरकते. आरएनएवर प्रथिन बनवणारे रायबोसोम दाटीने असतील तर ऱ्होला बसायला जागाच मिळत नाही. म्हणून ऑपेरॉनच्या (एकाच आरएनएत सलग वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या रांगेच्या) पहिल्या जनुकात मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन बनणे थांबवणारी खूण) आला, तर पुढची जनुकेही गप्प होऊ शकतात. अशा वेळी पुढच्या जनुकात बिघाड शोधत आठवडे घालवू नका. आधी मागच्या जनुकाचे ट्रान्सलेशन, म्हणजे त्यापासून प्रथिन बनणे, तपासा.

‘बायसायक्लोमायसिनमध्ये वाढला, म्हणजे ऱ्हो नाही’

ही चूक मला सर्वांत घातक वाटते. बायसायक्लोमायसिन हे अँटिबायोटिक ऱ्होला अडवते आणि ई. कोलाय मरतो, कारण त्याचे ऱ्होवाचून चालत नाही. पण जिवाणू वाढत राहिला तर त्याचे अर्थ अनेक निघतात. मायकोप्लाझ्माच्या गटात आणि सायनोबॅक्टेरियात ऱ्हो खरोखरच नसतो. बॅसिलस सबटिलिस आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये तो असतो, पण जगण्यासाठी अनिवार्य नसतो. क्षयाच्या जिवाणूत तो असतो, अनिवार्यही असतो, आणि तरीही हे औषध त्यावर चालत नाही: जिथे औषध बसायचे त्या खाचेत ल्युसीनऐवजी मेथायोनीन आहे आणि त्यामुळे जागा अडते. शिवाय औषध पेशीत शिरलेच नसेल, ही शक्यता राहतेच.

म्हणून प्लेटवरच्या वाढीवरून निष्कर्ष काढू नका, आरएनएकडे बघा. बॅसिलसमधून ऱ्हो काढला तर वाढ जवळपास नेहमीसारखी राहते, पण अँटिसेन्स आरएनए (जनुकाच्या उलट बाजूच्या धाग्यावरून बनलेला) ठळकपणे वाढतो. ऱ्होचे काम तिथे दिसते.

जनुक शोधतानाही जपून. ऱ्होचा एटीपी बांधणारा भाग एटीपी सिंथेजशी नाते सांगतो, त्यामुळे दुबळ्या जुळणीला ऱ्हो समजण्याचा धोका असतो. आरएनए पकडणारा एन-टोकाकडचा भाग आहे का ते पाहा. मात्र तिथेही फरक आहेत: मायक्रोकॉकस ल्युटियस आणि क्षयाच्या जिवाणूच्या ऱ्होमध्ये त्या भागात लांब जादा तुकडा घुसलेला असतो. अलाइनमेंटमध्ये (सिक्वेन्स एकाखाली एक जुळवताना) तो पाहून ‘सिक्वेन्स चुकला’ म्हणून छाटू नका.

3' टोक म्हणजे थांबण्याची जागा नव्हे

आरएनए-सिक्वेन्सिंगमध्ये नेमके टोक दिसले, की तिथे टर्मिनेटर (ट्रान्स्क्रिप्शन थांबवणारी जागा) असे लिहून टाकले जाते. ऱ्होने सोडवलेल्या आरएनएचे टोक पेशीत तसेच राहत नाही. एक्सोन्युक्लिएज एन्झाइम ते मागून कुरतडत जातात आणि एखादी घट्ट हेअरपिन आडवी आली की थांबतात. आपल्याला दिसते ती ही हेअरपिन. पॉलिमरेज खरे सुटले ते त्याच्या बरेच पुढे. हेअरपिन आहे पण मागे ‘यू’ची रांग नाही, अशी टोके वेगळी काढा. मग ई. कोलायसारख्या जिवाणूत बायसायक्लोमायसिन थोडा वेळच देऊन, टोकापुढे वाचन वाढते का ते मोजा. जास्त वेळ दिलात तर मरणाऱ्या पेशींचे परिणामही आकड्यांत मिसळतात. क्यूपीसीआरने मोजत असाल तर रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजविना (आरएनएपासून डीएनए बनवणारे एन्झाइम न घालता) कंट्रोल हवाच. टर्मिनेटरपुढचा सिग्नल क्षीण असतो आणि उरलेला डीएनए सहज फसवतो.

वेगवेगळ्या जिवाणूंचे घटक एकाच नळीत

ई. कोलायचे पॉलिमरेज सहज मिळते, म्हणून दुसऱ्या जिवाणूचा टर्मिनेटर त्याच्यावरच तपासला जातो. सहायक प्रथिन नसजी (NusG) इथे घोटाळा करते. ई. कोलायमध्ये ते ऱ्होला मदत करते. बॅसिलस आणि क्षयाच्या जिवाणूत ते हेअरपिनवाल्या टर्मिनेशनलाच बळ देते. बॅसिलसमध्ये तर पॉलिमरेज रायबोसोमला मागे टाकून पुढे धावते, त्यामुळे रायबोसोम नसलेला उघडा आरएनए दिसला की ऱ्हो बसलाच, हा ई. कोलायचा हिशेब तिथे लागू पडत नाही.

शक्य असेल तर पॉलिमरेज, नसजी आणि ऱ्हो तिन्ही एकाच जिवाणूचे घ्या. ते जमत नसेल तर निष्कर्षात कोणता घटक कुठून आणला ते स्पष्ट लिहा, आणि त्याच नळीत ई. कोलायचा एक ओळखीचा टर्मिनेटर चालवून दाखवा.