ऐरणीसाठी लोखंड निवडताना

माइल्ड स्टीलच्या ठोकळ्यावर हातोडी मारली की खळगा पडायचा आणि हातोडी उसळायची नाही, तिथंच बसायची. त्यात कार्बन जेमतेम ०.२ टक्के, पाणी देऊनही, म्हणजे लालभडक तापवून पाण्यात बुडवूनही, ते फारसं कडक होत नाही. रुळाचा तुकडा चांगला, पण बिल नसेल तर १९६६ चा रेल्वे मालमत्तेचा कायदा मागे लागायचा! शेवटी भंगारात ईएन-८ चा, म्हणजे मध्यम कार्बनच्या पोलादाचा, जाड शाफ्ट (गोल दांडा) मिळाला, कार्बन ०.४ च्या आसपास. बेअरिंगची गोळी वरून सोडून पाहिली, टण्णकन उसळली. शाफ्ट आडवा न ठेवता बाभळीच्या ओंडक्यात उभा रोवला, म्हणजे सगळं वजन घावाखाली येतं. तोंड ग्राइंडरने सपाट केलं, कडा जराशा गोल ठेवल्या. पाणी दिलं नाही. एवढ्या जाडीला घरची भट्टी पुरत नाही.