मधुमालती फुलत नसेल, तर या चुका टाळा

मधुमालतीचा वेल मरत सहसा नाही, तो रुसतो. अंगणात किंवा गच्चीवर पानांनी गच्च भरलेला, पण वर्षानुवर्षे एकही घोस न धरणारा वेल पाहिला की बहुतेक जण खताचा डोस वाढवतात आणि नेमकी तिथेच पहिली चूक होते. युरियासारखे नत्रयुक्त (नायट्रोजन असलेले) खत मिळत राहिले की वेल लांबच लांब फांद्या आणि मोठी पाने काढतो; फुले धरण्याची त्याला निकड उरत नाही. अशा वेलाचे नत्र दोन-तीन महिने पूर्ण थांबवावे, उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यानंतर एकेकदा कुजलेले शेणखत द्यावे, आणि त्यासोबत थोडे स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅश) पुरेसे होते.

त्याआधी उन्हाचा हिशेब पाहावा. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल, तर कोणतेही खत उपयोगाचे नाही. उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत वेल वाढतो खरा, पण उजेडाच्या शोधात लांबत जातो आणि फुले आलीच तर शेजारच्या मजल्यावर, जिथे ऊन पोहोचते तिथे, येतात.

सर्वांत जास्त नुकसान मात्र अवेळी केलेल्या छाटणीने होते. मधुमालतीची फुले त्याच हंगामात फुटलेल्या कोवळ्या फांद्यांच्या टोकांना येतात, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत वेल ‘आवरून’ घेणारा माणूस प्रत्यक्षात येणारे घोसच कापत असतो. मोठी छाटणी थंडी ओसरताना, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत करावी. जुन्या, जाड, एकमेकींत गुंतलेल्या फांद्या बुडापर्यंत आणि उरलेल्या साधारण एक-तृतीयांशाने कमी कराव्यात. पुढे बहर संपला की फक्त सुकलेले घोस आणि फार लांबलेली टोके काढली तरी पुरते. छाटताना हातमोजे घालावेत, कारण पाने गळल्यावर देठांचे बुंधे फांदीवर टणक होऊन काट्यांसारखे राहतात.

थंडीत पाने पिवळी पडून गळू लागली की घाबरून पाणी वाढवू नये, कारण त्या काळात वेलाची वाढच मंदावलेली असते आणि ओल्या मातीत मुळे कुजतात. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. तिथे ओल लागत असेल, तर पाणी देऊ नये. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवावी. कोवळ्या पानांवर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी सतत वापरणाऱ्या घरांत हे दिसते. तिथे चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातील लोहाची, फवारणी करावी आणि शक्य तेव्हा पावसाचे पाणी साठवून द्यावे.

फुलांचा रंग बदलतो म्हणून काळजी करणारेही भेटतात. कळी संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि पुढे गडद लाल. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात, हा रोग नव्हे. सुगंधही संध्याकाळनंतरच दरवळतो, कारण हे फूल रात्री फिरणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी उमलते. पांढरे फूल पिवळे होत असेल आणि फुले पानांच्या बेचक्यात जोडीने येत असतील, तर रोपवाटिकेतून मधुमालतीऐवजी जपानी हनीसकल हा दुसराच वेल घरी आलेला असतो.

आधाराकडे दुर्लक्ष करू नये. वेल आठ-दहा मीटर सहज चढतो आणि पावसात भिजला की फार जड होतो, त्यामुळे सुतळी किंवा प्लास्टिकची जाळी टिकत नाही. लोखंडी कमान किंवा भिंतीत पक्की रोवलेली जाड तार हवी. सांडपाण्याच्या पाइपावर तर त्याला चढूच देऊ नये. कुंडी किमान अठरा इंचांची घ्यावी. जमिनीत लावलेल्या वेलाच्या मुळांतून आजूबाजूला फुटवे येत राहतात. ते तसेच वाढू दिले तर जागा व्यापतात, पण जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मुळांसकट उचलून वेगळे लावले तर सहज रुजतात.