विमानात हँडहेल्ड जीपीएस वापरताय? या चुका टाळा

‘विमानात हातातल्या जीपीएस यंत्राला सिग्नल मिळतच नाही’ ही तक्रार सतत कानावर येते. मिळतो, आणि उत्तम मिळतो. खाली दिसणारी नदी कोणती, हे त्याच क्षणी नकाशावर नावासकट कळण्यात फार आनंद आहे. तो घालवतो उतावळेपणा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे यंत्र हवेत गेल्यावर सुरू करणं. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर 30 सेकंदांनी पाठवतो आणि आपलं ठिकाण काढायला यंत्राला ती न तुटता मिळावी लागते. मोकळ्या आकाशाखाली हे सहज होतं. विमानात चहूकडे धातू, आकाशाचा एकाच बाजूचा तुकडा आणि ताशी 850-900 किलोमीटरचा वेग. सिग्नल मध्येच तुटला की ती माहिती पुन्हा पहिल्यापासून.

एकदा शेजारच्या तरुणाने विमान वर गेल्यावर कोरं यंत्र खोक्यातून काढलं. पाच मिनिटं वाट पाहिली, बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. मी थांबा म्हणेपर्यंत त्याने मास्टर रिसेटही मारला, म्हणजे यंत्रात साठलेलं सगळं पुसलं. आता सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रकही पुसलं गेलं. ते पूर्ण मिळायलाच साडेबारा मिनिटं लागतात, तीही सिग्नल अखंड असेल तर. उतरेपर्यंत स्क्रीनवर ‘उपग्रह शोधत आहे’ एवढंच. बंद-चालू करणं हा इलाज नाही, त्याने अर्धवट आलेली माहितीही वाया जाते.

माझी सवय अशी: टर्मिनलमध्ये शिरण्याआधी यंत्र उघड्यावर धरायचं आणि अचूकतेचा आकडा स्थिरावेपर्यंत हलायचं नाही. कक्षेची ती माहिती साधारण चार तास चालते, त्यामुळे विमानात खिडकीशी धरलं की यंत्र लवकर उपग्रह पकडतं आणि ठिकाण दाखवतं. खिडकीची सीट हवीच, आणि यंत्र काचेला टेकवूनच ठेवा. मांडीवर ठेवून सिग्नलची वाट पाहू नका.

दुसरा घोळ उंचीचा. विमान 11,000 मीटरवर आणि यंत्र दाखवतं 2,000! यंत्र बिघडलेलं नाही. ज्यांत बॅरोमीटर असतो ती यंत्रं केबिनमधला हवेचा दाब मोजतात, आणि तो साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरच्या हवेइतका राखलेला असतो. उपग्रहांच्या पानावर जीपीएस उंची मिळते, ती बघा. केबिनमध्ये बसून अल्टिमीटर (उंचीमापक) कॅलिब्रेट तर अजिबात करू नका, म्हणजे त्याचा आकडा जुळवायला जाऊ नका. पुढच्या ट्रेकला उंचीचे आकडे चुकतील.

‘लॉक ऑन रोड’ (तुमची जागा जवळच्या रस्त्यावर चिकटवणारी सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर विमान हायवेवरून धावताना दिसेल.

वेग ताशी 1,000 च्या वर गेला तर घाबरू नका, पाठीमागून वारा आहे.

मोबाइल वापरणार असाल तर नकाशे आधीच उतरवून ठेवा.

जीपीएस फक्त सिग्नल घेतो, पाठवत नाही. तरीही कर्मचाऱ्यांनी बंद करा म्हटलं की लगेच बंद करा, वाद नको. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रं मात्र प्रक्षेपण करतात आणि काही देशांत परवान्याशिवाय जवळ बाळगणंही गुन्हा आहे. निघण्याआधी नियम तपासा. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाहीत.